मौसमीच्या कंपनीतला मुलगा

अन्नपूर्णा, इंदूर
सोमवार, २८ ऑगस्ट

यशो,

सगळ्यात आधी आली ती देवयानी, मुलाची आत्या, आणि तीही सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. मी पदर खोचून बादल्या भरत होते. आता तूच सांग, मुलगी बघायला येणारी माणसं कधी लवकर येतात का? आपल्या वेळी तर वाट बघून बघून पोहे गार व्हायचे. ही दारात उभी. म्हणते, "नमस्ते काकीजी, ते लोक गाडी लावतायत, मी आपली पुढे आले." आणि बोलताना नजर कुठे? माझ्या बादल्यांवर! एक, दोन, तीन, सगळ्या बघितल्या. मग म्हणते, "तुमच्याकडे पण एक दिवसाआडच येतं का हो पाणी?" मी म्हटलं, अख्ख्या इंदूरला नर्मदेचं जसं येतं तसंच आमच्याकडे येतं, बाई, आमची कुठली वेगळी नर्मदा.

पण यशो, मी इतकी खूश आहे ना, काय सांगू. माझी ही नात तन्वी म्हणजे बघ, आतापर्यंत तीन स्थळं आली नि प्रत्येक वेळी हिने तोंड असं केलं जसं कुणी कारल्याचा रस पाजलाय. आणि काल हसली! मुलगा मानस. छत्रीबागेतले आहेत, आपल्यासारखेच जुने होळकरशाहीतले, पणजोबा पागेवर होते म्हणे. उंच आहे, दात चांगले आहेत. वाकून नमस्कार केला तो पण अर्धवट नाही, पार पायाला हात लावून. अमिताला म्हटलं, सूनबाई, मुलगा कसा? ती म्हणाली, "मम्मीजी, तन्वीला विचारा." आजकालच्या सुना अशाच, स्वतःवर काही घेत नाहीत.

कामधंदा विचारला तर म्हणाला, "आजी, मी कंपनीत एनालिस्ट आहे, मौसमीचं काम बघतो." मोसंबीला इकडे मौसमी म्हणतात, तुला माहीतच आहे. मी म्हटलं वा, फळांचं काम, थंड काम. आमच्या देवेंद्रासारखं नाही, पोराने माझ्या दिवसभर कोर्टात तोंड वाजवायचं.

आता ऐक. म्हणजे वाच. फोन मुद्दाम करत नाही, तुला ऐकू येत नाही, मी ओरडते, नि माझ्या घरची बात अख्ख्या कॉलनीला कळते. कानाचं मशीन घे गं एकदाचं. माझे बघ, अजून टणटणीत. त्यामुळेच तर ऐकलं मी हे. तो मुलगा बसल्या बसल्या सारखा उठून गॅलरीत जात होता फोन घेऊन. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा गेला तशी मी तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने मागे गेले. (तुळस पण वाळलीय. श्रावण अर्धा सरत आला, थेंब नाही. आकाश असं पांढरं पडलंय जसं कुणी धुऊन वाळत घातलंय. आमचा दूधवाला सांगतो, गावाकडे सोयाबीन उभ्या उभ्या पिवळं झालं.) तर हा फोनवर म्हणतो, "हां डॉक्टर साहब, लो प्रेशर तो है. पर अभी कमज़ोर है, इससे कोई उम्मीद नहीं. अगला बनेगा तो सीधा डिप्रेशन में जाएगा."

यशो, माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

म्हणजे मुलाला लो प्रेशर आहे! आणि पुढे डिप्रेशनमध्ये जाणार हे डॉक्टरने आधीच सांगून ठेवलंय. आणि या लोकांनी आम्हाला एक अक्षर सांगितलं नाही. मुलाची आई लहानपणीच गेली म्हणाले. कशाने गेली ते मी विचारलं, तर गजाननराव, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले, "जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे." का जाऊ द्या?

हे मी कुणाला बोलले नाही. परक्याच्या लेकराचा आजार चव्हाट्यावर आणू नये, नि तन्वीचा हसरा चेहरा बघून जीभ वळत नाही. तूच सांग काय करू. लवकर लिही. पितृपक्षाच्या आत हो-नाही सांगायचंय, नाही तर ते दुसरीकडे बघतील.

तुझी
शांताक्का

---

तात्यापारा, रायपूर
शनिवार, २ सप्टेंबर

प्रिय आक्का,

पत्र मिळालं. माझ्या कानांची काळजी सोड. ज्यांना ऐकू येतं त्यांनी ऐकून काय दिवे लावले, ते मी बघतेच आहे.

मला पहिल्यापासूनच संशय आला. मोसंबी विकणाऱ्याला एनालिस्ट कधीपासून म्हणायला लागले? आमच्या इथला फळवाला मग कलेक्टर व्हायला हवा. नक्की काहीतरी लपवतायत. आणि ती आत्या आधी का आली? माणसं आधी येतात ती घर बेसावध पकडायला. तुझ्या बादल्या मोजल्या म्हणजे उद्या डबेही मोजेल.

लो प्रेशरचं म्हणशील तर ते ओळखणं सोपं आहे. आमच्या ह्यांना होतं शेवटी. जिना चढवून बघ. अशा माणसाला वर गेल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, कशाला तरी धरून उभा राहतो. आणि मीठ दे. लिंबाच्या सरबतात भरपूर मीठ घालून पुढे कर. धडधाकट माणूस एका घोटात तोंड वाकडं करून ग्लास खाली ठेवेल. ज्याला लो प्रेशर आहे तो सगळं पिऊन टाकेल, शरीरच मागतं त्याचं. ही परीक्षा कधी चुकत नाही.

तन्वीला आत्ताच काही बोलू नकोस. पण देवेंद्रला सांगून ठेव, घाई नको. एकुलती एक नात आहे तुझी.

इथेही कोरडंच आहे. धानाच्या शेतांना भेगा पडल्यात. दिवसभर टीव्ही लावून बसते. आवाज नाही कळत, पण खालून पट्टी सरकते ती वाचते. बातमीदारांपेक्षा पट्टीच खरी बोलते.

बाकी आमच्या धाकट्या दिरांचा नातू विक्रम परवा आला होता, तू त्याला लग्नात पाहिलंस. आता बिलासपूरला रेल्वेत आहे. बसल्या बैठकीला बारा पुऱ्या खाल्ल्यान. प्रेशर-बिशर काही नाही. मी आपलं सहज लिहिलं.

तुझी
यशोधरा

---

अन्नपूर्णा, इंदूर
शुक्रवार, ८ सप्टेंबर

यशो,

तू म्हणालीस तसं सगळं केलं, आणि अगदी तसंच निघालं.

बुधवारी मानस एकटाच आला, पत्रिका द्यायला. मी मनात म्हटलं, देवच धाडतोय. म्हटलं, "बेटा, जरा गच्चीवरची टाकी बघतोस का, किती भरलीय? माझे गुडघे चढत नाहीत." तीन माळे आहेत आमचे. दोन-दोन पायऱ्या टाकत गेला. मी मागून हळूहळू. (गुडघे ठीक आहेत माझे, ते आपलं सांगायचं.) वर जाऊन बघते तर टाकीकडे बघितलंच नाही त्याने. कठड्याला दोन्ही हात धरून उभा, मान वर, डोळे बारीक केलेले. हाक मारली तरी लक्ष नाही. मग भानावर येऊन म्हणतो काय, "आजी, पूर्वेकडून हवा फिरायला लागलीय." आता हवा फिरतेय की डोकं फिरतंय? अंधारीच आली असणार त्याला, दुसरं काय.

खाली आणून बसवला. लिंबाचं सरबत करणार होते, पण म्हटलं, हा मौसमीच्या कंपनीतला, त्याचंच फळ देऊ, मान राहील. तर मोसंबीचा रस काढला नि त्यात मीठ घातलं. थोडं नाही, तू सांगितलंस तसं. मी बोट बुडवून चाखलं तर माझेच कान गरम झाले. त्याने पहिला घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, तन्वीकडे बघितलं, आणि अख्खा ग्लास पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापर्यंत! वर म्हणतो, "अच्छा है, आजी."

आता काय राहिलं सांग.

आणि अजून एक. खालच्या मजल्यावरची शिखा काल आली धावत. म्हणाली, "आजी, तुमचे ते पाहुणे आहेत ना, त्यांची आत्या मला मंदिरापाशी भेटली. विचारत होती, इनके यहां पानी खारा आता है क्या? पीने का भी बोरिंग का ही है?" मी म्हटलं, तू काय सांगितलंस? म्हणे, "मी सांगितलं, पता नहीं आंटी." घ्या! पता नहीं! हिला आमच्याकडचं पाणी दोन वर्षं पाजतेय. पण त्या बाईला आमच्या पाण्याशी काय देणंघेणं, यशो? आधी बादल्या, आता पाणी. मुलगी बघायला आले की विहीर? मला तर वाटतं त्या मुलाचं औषध खाऱ्या पाण्याबरोबर चालत नसेल.

देवेंद्रला मी एवढंच म्हटलं, "थोडं थांबू या." तो म्हणाला, "आई, कारण?" मी म्हटलं, आहे कारण. त्याने फोन केला तिकडे, "अभी थोड़ा रुकते हैं, भाईसाहब." गजाननराव म्हणाले, "थांबायचं म्हणजे काय ते आम्हाला कळतं, वकीलसाहेब." आणि फोन ठेवून दिला.

तन्वी दोन दिवस माझ्यावर रुसलीय. ताटावर बसते, नि भात इकडून तिकडे करते. काल मी केस विंचरायला बोलावलं तर म्हणाली, "आजी, सरबतात मीठ तू मुद्दाम घातलंस ना?" मी म्हटलं, चुकून पडलं. ती उठून गेली. अमिता पण माझ्याकडे अशी बघते की बस. या घरात सध्या सगळे सगळ्यांवर नजर ठेवून आहेत.

मी काही वाईट केलं का गं? मुलगा मनातून जात नाही. तो ग्लास ठेवताना हसला ना, ते. पण उद्या तन्वीला रडताना बघायचं, त्यापेक्षा आज रडलेली बरी. असं तूच म्हणशील ना?

विक्रमचं तू लिहिलंस ते वाचलं. बारा पुऱ्या जास्तच आहेत.

शांताक्का

---

तात्यापारा, रायपूर
गुरुवार, १४ सप्टेंबर

प्रिय आक्का,

परवापासून इथे पाऊस आहे. साधा नाही. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, समोरच्या साहूंची मोटारसायकल तरंगत कोपऱ्यापर्यंत गेली. पण लोक चिडायच्या ऐवजी दारात उभे राहून हसतायत. धानाचा जीव वाचला.

काल तुला पत्र लिहायला घेतलं होतं. मग ठेवून दिलं. का ते विचारू नकोस. आज परत घेतलं.

टीव्हीच्या पट्टीवर दोन दिवस जे येतंय ते जसंच्या तसं उतरवून देते. मी स्वतःचं एक अक्षर घातलेलं नाही. नीट, एकेक शब्द वाच.

"बंगाल की खाड़ी में बना लो प्रेशर मज़बूत होकर डिप्रेशन में बदला. पिछला सिस्टम कमज़ोर पड़ गया था, इस बार अच्छी बारिश की उम्मीद. छत्तीसगढ़ के बाद पश्चिमी मध्य प्रदेश की ओर बढ़ेगा. मौसमी गतिविधियां तेज़."

वाचलंस? परत वाच. शेवटच्या ओळीतला पहिला शब्द बघ. तो कुठल्या फळाचा आहे, सांग मला.

आक्का, जगात कुठला माणूस असतो, जो आपल्याच डॉक्टरला सांगतो की आत्ताचं प्रेशर कामाचं नाही, पुढचं येईल त्यात डिप्रेशन होईल, नि मग उम्मीद आहे? मला पहिल्याच पत्रात हे कळायला हवं होतं. मी तर मॅट्रिक झालेली. तू निदान चौथीवर थांबलीस.

डॉक्टर म्हणजे सगळे सुई टोचणारे नसतात. इथल्या कॉलेजातले भूगोलाचे सर पण डॉक्टर होते.

विक्रमबद्दल मी परत काही लिहिणार नाही. तूही काढू नकोस.

स्पीडपोस्टने टाकते आहे. पाऊस आधी पोचतो की पत्र, कोण जाणे.

यशोधरा

---

अन्नपूर्णा, इंदूर
ऋषिपंचमी, बुधवार, २० सप्टेंबर

यशो,

पाऊस आधी पोचला.

आणि पावसाच्याही आधी पोचला त्या मुलाचा फोन. गुरुवारी संध्याकाळी देवेंद्रला फोन, "काका, उद्यापासून गाडी तळघरात ठेवू नका. खूप येणार आहे." देवेंद्रने मला सांगितलं. मी म्हटलं, ज्याला आपण नाही म्हटलं तो फोन कशाला करेल? काहीतरी मतलब असणार. गाडी बाहेर काढायला लावेल, मग रस्त्यात भेटेल, मग बोलणं काढेल. असू दे गाडी जागेवर. आईचं ऐकतो ना देवेंद्र, वकील असून. अमिताने मात्र आपली स्कूटी वर आणून ठेवली.

शुक्रवारी दुपारी जो सुरू झाला तो रविवारपर्यंत. काय पाऊस, यशो! आडवा, तिरका, खालून वर पण. सगळी कॉलनी गॅलरीत. गच्चीवरची टाकी अशी वाहत होती की शिखा खालून ओरडायला लागली, "आजी, नल बंद करो!" मी म्हटलं, बाई, या नळाची चावी माझ्याकडे नाही. इतकी हसले की पोटात दुखलं. मग देवेंद्र तळघरातून वर आला, पँट मांड्यांपर्यंत भिजलेली. गाडीत सीटांपर्यंत पाणी. अमितानेच चहा दिला त्याला, आणि मला पण दिला, म्हणजे बघ.

सोमवारी, हरतालिकेच्या दिवशी सकाळी, पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला. वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग तन्वीला बोलावलं. म्हटलं, "बाळा, मानस नक्की काय काम करतो?" ती म्हणाली, "आजी, वेदरचं. सोयाबीनवाल्यांना पावसाचा अंदाज सांगतात त्यांची कंपनी. मौसमी विश्लेषण. पहिल्या दिवशीच सांगितलं ना त्याने, तुझ्यासमोर?" मी म्हटलं, "मी समजले मोसंबी." ती आधी हसली नाही. मग तिला मीठ आठवलं, जिना आठवला, नि मग अशी हसली, अशी हसली, आणि त्याच हसण्यात रडायला लागली. "आजी, तो मला म्हणाला होता, तुझ्या आजीला मी आवडलो नाही, पण मी ग्लास खाली ठेवणार नव्हतो."

मग माझ्याने बसवेना. उपास होता, तरी उठले. देवेंद्र म्हणाला, "आई, मी फोन करतो." मी म्हटलं, तुझ्या फोननेच एवढं झालंय. तन्वीला घेतलं नि रिक्षाने छत्रीबागेत. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, आगे पूरा कीचड़ है, खान नदी चढ़ गई थी." मी म्हटलं, तू कडेला सोड भिया, मी चालते. साडी वर धरून गेले. त्यांच्या गल्लीत सगळे गाळ उपसत होते. आणि हा मानस, पायजमा वर दुमडलेला, खराट्याने ओटा धूत होता.

बाकी काही सुचलंच नाही. मी सरळ तोंडावर विचारलं, "बेटा, तुझं लो प्रेशर कसं आहे आता?"

तो खराटा टेकवून उभा राहिला नि शांतपणे म्हणाला, "आजी, कमजोर पडलं. काल गुजरातकडे निघून गेलं."

यशो, अख्ख्या गल्लीसमोर मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. साडी सावरता सावरता गाळाचे झालेले हात होते माझे. तन्वी मागे उभी राहून म्हणत होती, "आजी, बस, बस."

पण एवढ्यावर संपत नाही. देवयानी बाहेर आली. बसायला सांगितलं, नि पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाली, "घ्या काकीजी. नर्मदेचं आहे. गोड." तेव्हा कळलं मला! मानसने घरी जाऊन सांगितलं असणार की रस खारट होता, आणि ही धरून चालली की आमच्या घरचं पाणीच खारं आहे, मुलीकडच्यांनी लपवलं, उद्या सोयरीक झाली की कळेल. पहिल्या दिवशी बादल्या बघितल्या त्या पण त्याचसाठी, सगळ्या पाण्याने भरून ठेवलेल्या दिसल्या ना. तिला वाटलं, यांचा नळ नावाचाच, पिण्याजोगं पाणी येतच नाही. म्हणजे मी त्यांच्या मुलावर शक घेत होते, नि त्या आमच्या पाण्यावर. मी सगळं सांगितलं. गॅलरी, तुळस, डॉक्टर साहेब, मीठ, सगळं. तुझं नाव घेतलं नाही. मीठ माझ्याच डोक्यातलं होतं म्हणाले. आता तुझ्यावर उपकार झाले.

देवयानी हसली. पण गजाननराव नाही हसले. ते पाटावर बसून ओली गादी दाबून पाणी काढत होते, तसेच काढत राहिले. मग म्हणाले, "आजीसाहेब, मुलगा आजारी वाटला तर विचारायचं होतं. आम्ही खरं सांगितलं असतं. त्याची आई गेली ते मी जाऊ द्या म्हणालो, कारण ती याच गल्लीत, अशाच पुरात गेली. म्हणून हा या कामाला लागला. ते पहिल्या भेटीत काय सांगायचं." मी खाली बघितलं. मी मग त्या गादीचं दुसरं टोक धरलं नि पिळायला लागले. ते नको नको म्हणाले, मी सोडलं नाही. पाणी निघता निघता म्हणाले, "देवेंद्रजींना सांगा, थांबायचं तेवढं थांबलो." मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, "म्हणजे येतो."

आता मला शंका एवढीच आहे, की येतो म्हणजे हो म्हणायला येणार की पत्रिका परत न्यायला. पुरुषांचं बोलणं असंच, अर्धं पोटात. तन्वी म्हणते, "आजी, आता नको सुरू करूस." काल गणपती बसले, तिने स्वतः मोदक वळले. मिठाचा डबा अमिताने वरच्या फळीवर ठेवलाय, माझा हात पोचत नाही तिथे. मुद्दामच.

निघताना मानस कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "तुम्ही याल त्या दिवशी पाऊस आहे का रे?" म्हणाला, "आजी, ते लिहून देणार नाही. पण आम्ही येतो." परवा शुक्रवारी, गौरी जेवतात त्या दिवशी.

तुझी
शांताक्का